पाणी पाजलेला मंडप

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या समस्त वऱ्हाडी मंडळींना, आचाऱ्यांना, बँजोवाल्यांना आणि त्या दिवशी डोक्यावर ओला टॉवेल टाकून मला शिव्या घालणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, नव्वदच्या दशकातल्या एका वैशाखात, शेजारी सावलीचा कोरा करकरीत मंडप उभा असताना माझं लग्न ढेकळांच्या खाचरात भर उन्हात लागलं, याला कारण माझी पत्रिका नव्हती, कुणाचा नवस नव्हता आणि माझ्या डोक्यावर परिणामही झालेला नव्हता. कारण होतं लोखंडी नळ्यांचा जोड. खुलासा करायला थोडा उशीर झाला आहे, हे मान्य. पण त्या वेळी मी घसा फोडून तोच करत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं.

माझ्या मामाचं शहापुरात हायवेला लागून वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्यांचे दरवाजे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. मी त्याच्या हाताखाली नळ्या कापायचो. वेल्डिंगला तो मला हात लावू देत नसे. "भाच्या, कापाकापी कुनीपण करतो. जोडायला पुण्य लागतं," असं म्हणायचा. त्याचा जोड कधी सुटला नव्हता, हे तो गिऱ्हाइकाला चहा येण्याच्या आत सांगत असे आणि चहा संपल्यावर पुन्हा सांगत असे.

या पुण्यकर्माचा एक विधी होता. जोड मारून झाला, लाली अजून पुरती ओसरलीही नाही, की मामा शेजारच्या बादलीतून तांब्याभर पाणी घेऊन त्याच्यावर धार धरायचा. चर्रर्र आवाज, वाफ, आणि वाफेच्या आड डोळे मिटलेला मामा. लहानपणी गावच्या लोहाराचा भाता ओढण्यात त्याच्या सुट्ट्या गेल्या होत्या. लोहार विळ्याला पाणी पाजतो, कोयत्याला पाणी पाजतो, म्हणून तो कापतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामाचा सिद्धांत साधा होता. विळ्याला पाजायचं आणि जोडाला तहानलेला ठेवायचं, हा कुठला न्याय? आणि गंमत अशी की इतकी वर्षं त्या पाण्याने कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. खिडकीच्या जाळीचं साधं लोखंड. ते बिचारं काहीही सोसतं.

मग कसारा घाटात एक क्रेन कलंडली.

रस्त्याच्या कामावरची मोठी क्रेन. माणसं वाचली, पण तिचा लांबलचक जाळीदार हात दरीच्या कडेला वाकडातिकडा होऊन पडला. तो हात सगळा नळ्यांचा असतो. त्याचा धड राहिलेला भाग भंगारात निघाला आणि मामाने तो उचलला. ट्रकमधून नळ्या उतरल्या तेव्हा आम्ही चक्रावलोच. पातळ सालीच्या, एका हाताने उचलाव्या इतक्या हलक्या, आणि कापायला घेतल्या तर पात्याचे दात बोथट. मी घामाने निथळत होतो आणि मामा नळीवर थाप मारून नाचत होता. "हे लोखंड नाय भाच्या, हा उपाशी पैलवान हाय! अंगावर मांस नाय पन आख्खा आखाडा लोळवील!"

पैलवान खराच होता. त्याला कसं वागवायचं, ते मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

याच सुमाराला माझं लग्न ठरलं. होणारे सासरे मुरबाडच्या बाजूला एका गावात भातशेती करणारे आणि गावच्या देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. देवळापुढे मंडप बांधायचं त्यांच्या मनात कधीपासून होतं. बोलणी चालू असतानाच मामाने त्या नळ्यांचं वर्णन असं काही केलं की सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुलीच्या आधी मंडपच उभा राहिला. एकाच बैठकीत सुपारी फुटली आणि मंडपही ठरला. वर सासऱ्यांनी जाहीर केलं, "मंडपातला पयला कार्यक्रम माज्या पोरीचं लगीन. सगल्या तालुक्यानं बघितलं पायजे."

मंडप उभा राहिला तोही बघण्यासारखा. मधे एकही खांब नाही. दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नळ्यांच्या कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे तिकोनी सांगाडे. वर पत्रे. प्रत्येक कैचीत तिरक्या नळ्या खालच्या आडव्या नळीला येऊन भिडत होत्या, आणि सगळा भार त्या भिडण्यावर. शेवटच्या कैच्यांचे जोड मामाने जागेवरच, लग्नाच्या तोंडावर मारले. गावाच्या विहिरीचं गार पाणी त्यांना पोटभर पाजलं. गाव जमलं होतं. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "पानी पाजलेलं हाय, आता काय बघायला नको."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी चंदेरी रंगाचे डबे घेऊन तिथे गेलो. स्वतःच्या लग्नाचा मंडप स्वतः रंगवणारा नवरदेव तालुक्यात मीच पहिला असेन. सोबत माझा शाळेतला मित्र होता. तो वाशिंदच्या एका कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासायच्या कामावर होता आणि फुकट मदतीला आला होता. मी शिडीवर चढलो. वारा नव्हता. पाखरू नव्हतं. आणि कुणीही हात न लावता माझ्या डोक्यावर आवाज झाला.

टण्ण.

नळीवर कुणी नाणं आपटावं तसा. मी म्हटलं, "उन्हाने पत्रा तापतोय."

मित्राने ब्रश खाली ठेवला. "पत्र्याचा आवाज असा नसतो. तू खाली उतर."

त्याने दोन गोष्टी मागितल्या, रॉकेल आणि चुना. लग्नघरात दोन्ही होतं. जोडावर त्याने रॉकेलचं बोट फिरवलं, जरा थांबला, फडक्याने कोरडं पुसलं आणि वर चुन्याची कोरडी पूड थापली. आम्ही दोघं शिडीवर गाल जोडून बघत राहिलो. पांढऱ्या चुन्यावर हळूहळू एक काळसर ओली रेघ उमटली. केसाएवढी. फटीत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. रेघ वेल्डिंगमध्ये नव्हती. वेल्डिंगच्या अगदी कडेने, नळीच्या अंगावरून, पैंजणासारखी वळत गेली होती.

"म्हणजे मामाचं वेल्डिंग चांगलंय," मी आशेने म्हणालो.

"वेल्डिंग उत्तम आहे. त्याच्या शेजारचं लोखंड मेलंय." तो कुजबुजत होता, जणू मंडप झोपलाय आणि जागा होईल. "ही कडक जातीची नळी आहे. हिला आधी शेकायचं, मग जोडायचं, मग गोणपाट गुंडाळून हळू निवू द्यायचं. वेल्डिंगचे रॉडसुद्धा भट्टीत वाळवून वापरतात, दमट चालत नाही. एकदम गार केली की जोडालगतची पट्टी काचेसारखी होते. आणि लगेच तुटत नाही, हाच तिचा दुष्टपणा. तासाने, दिवसाने, तिच्या मनात येईल तेव्हा तडकते. पाणीबिणी नाही ना ओतलं कुणी?"

मी वर बघितलं. उत्तर दुसऱ्या कैचीने दिलं. टण्ण.

आम्ही आणखी जोड बघितले. काहींवर रेघ नव्हती, बऱ्याच जोडांवर होती. मी शिडीवरून उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी या छपराखाली माझी आई बसणार होती, नवरीची आई बसणार होती, दोन तालुक्यांचे सोयरे मांडीला मांडी लावून बसणार होते. आणि खांब एकही नाही, हे तर आमचं कौतुक!

मी सासऱ्यांकडे धावलो. ते गव्हाची पोती मोजून घेत होते.

"मामा, मंडपात लग्न नको," मी म्हणालो. आमच्याकडे सासऱ्यालाही मामाच म्हणतात.

"मंग कुठं? ढगात?"

"जोड तडकलेत. मंडप पडेल."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चंदेरी बोटांकडे पाहिलं. "जावयबुवा, लग्नाच्या आदल्या दिशी मलापन असंच होत होतं. मला तर घराच्या भिंती आत येताना दिसल्या होत्या. जा, हळद लावून घ्या, बरं वाटंल."

मित्राने चुन्याची रेघ दाखवली. त्यांनी ती अंगठ्याने पुसून टाकली. "गेली."

मी तसाच शहापूरला येऊन मामापुढे उभा राहिलो. मामा हळदीच्या गडबडीत होता. मी शेकणं सांगितलं, गोणपाट सांगितलं, काच सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "माझा जोड?" बस, एवढंच. मग म्हणाला, "उद्या मीच बसतो त्याच्या खाली. खुर्ची टाकून. पडला तर माझ्या टाळक्यावर पडंल." आणि उठून हळद वाटणाऱ्या बायकांना "हात चालवा गो!" म्हणून ओरडला.

मला हळद लावली गेली. ज्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं तो बायकोला सुखी ठेवतो, असं कुठलीशी आत्या म्हणाली.

लग्नाच्या दिवशी आमचं वऱ्हाड दोन टेम्पोंतून किन्हवलीच्या रस्त्याने निघालं. मित्राने आणि मी पहाटेच एक टेम्पो बांबूंनी आणि लाकडी वाशांनी भरून पुढे पाठवला होता. पोचल्याबरोबर आम्ही कैच्यांना खालून टेकू लावायला घेतले. पाच-सहा लावून झाले असतील, एवढ्यात सासरे आले. त्यांचा चेहरा त्यांच्या फेट्याहून लाल झाला.

"माज्या मंडपाला काठ्या? पाव्हणे काय म्हनतील? म्हाताऱ्याला उभं करताय का मंडप बांधलाय?"

त्यांच्या भावांनी टेकू उपटून काढले आणि चुलीकडे नेले. आचाऱ्याला आनंद झाला.

आता गर्दी जमली होती आणि गर्दीला बातमी कळली होती. बातमी मंडपाची नव्हती, माझी होती. नवरा पळायच्या बेतात आहे. कुणी म्हणे शहापुरात दुसरी आहे. कुणी म्हणे हळदीला रडत होता. बँजोवाल्यांतला एक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दादा, जायचं असंल तर आमची गाडी मागच्या अंगाला उभी हाय."

तेवढ्यात मामाने सगळ्यांत भीषण गोष्ट केली. तो सासऱ्यांना म्हणाला, "व्याही, पाव्हण्यांपुढंच परीक्षा होऊन जाऊ दे." बाकावर चढून त्याने कैचीची खालची नळी दोन्ही हातांनी धरली आणि लोंबकळला. सासरे लोंबकळले. त्यांचे भाऊ लोंबकळले. नवे कपडे घातलेली दहा-बारा थोर माणसं वटवाघळांसारखी माझ्या लग्नमंडपात लटकली आणि पाय झुलवून हसू लागली. मी खाली हात जोडून फिरत होतो, "उतरा हो, पाया पडतो, उतरा!" मित्राने डोळ्यांवर रुमाल धरला होता.

मंडपाने हूं की चूं केलं नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आज धरलं म्हणजे उद्या धरेल असं नाही," मित्र सांगत होता. बँजो सुरू झाला आणि ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

मी देवळाच्या मागे जाऊन एका दगडावर बसलो. मला खरोखर काही सुचत नव्हतं. पळून गेलो तर लोक त्याच मंडपात बसून मला शिव्या देणार, म्हणजे पळूनही कुणी वाचत नव्हतं. देवळाच्या मागच्या दाराची कडी वाजली आणि नवरी बाहेर आली. मुंडावळ्या बांधलेल्या, हातभर हिरव्या बांगड्या, आणि डोळ्यांत जाळ. तोवर आमचं एकमेकांशी बोलणं मोजकंच झालेलं.

"खरं सांगायचं," ती म्हणाली. "भ्या मंडपाचं हाय का माजं?"

"मंडपाचं."

"शपत घ्या."

मी घेतली. तिने एकदा मंडपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग जाऊन वडिलांना सांगितलं की मी मंडपाशेजारच्या खाचरात उभी राहीन, नायतर उभीच राहणार नाय. सासरे तिच्यापुढे लोखंडाहून लवकर वाकत. तडजोड झाली. लग्न खाचरात. पण लग्न लागल्या लागल्या पंगती मंडपातच. त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

हा माझा विजय होता असं तुम्हाला वाटेल. मी हिशोब केला तेव्हा कळलं की मला मिळाली आहेत फक्त मंगलाष्टकं. ती संपली की माणसं उन्हातून धावत त्या सावलीत जाणार, आणि दाटीवाटीने बसणार. पत्रावळ्यासुद्धा मांडून झाल्या होत्या. आणि मामा त्याच्या शब्दाप्रमाणे मधोमध खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसला होता.

पण नवऱ्याच्या पाठीशी मामाला उभं राहावंच लागतं. भटजींनी हाक मारली, "नवरदेवाचे मामा कुठे आहेत?" मामा कुरकुरत उठला. "अक्षता पडल्या की मी जागेवर," असं मला बजावून माझ्यामागे उभा राहिला. त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. तोवर तरी तो वाचलेला होता.

अंतरपाट धरला गेला. डोक्यावर वैशाखाचा सूर्य, पायाखाली तापलेली ढेकळं. लोक अक्षता मुठीत धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. भटजींनी दयाळूपणे मंगलाष्टकं आटोपती घेतली. शेवटचं कडवं जवळ आलं तसा मी ओरडलो, "माझ्या मावशीला म्हणायचंय!"

मावशीला म्हणायचं नव्हतं. पण आमच्या मावशीला माइक दिसला की नाही म्हणता येत नाही. तिने म्हटलं. ते संपताच मी आत्याचं नाव पुढे केलं. मग चुलत बहिणीचं. मग मित्राने पुढे होऊन स्वतःच एक म्हटलं. त्याला चाल येत नव्हती आणि शब्दही येत नव्हते, पण तो प्रत्येक ओळ दोनदा म्हणत होता. त्याने मंडपाकडे पाठ केली नाही. गर्दीतून आवाज येऊ लागले. "अरं, बास करा!" "नवऱ्याला ऊन लागलं!" "लगीन हाय का भजन?" भटजींनी घड्याळ दाखवलं, "मुहूर्त चाललाय."

"एकच," मी म्हणालो. "आजीची इच्छा होती." आजी समोर धडधाकट उभी होती. ती म्हणाली, "माझी? कदी?"

मी त्या वेळी काय करत होतो ते सांगू? स्वतःच्या लग्नात, अंतरपाटामागे हार धरून, देवळातल्या देवाला विनवत होतो की तुझ्या दारचा मंडप पाड. माझ्या मामाने मन लावून जोडलेला, सासऱ्यांनी हौसेने मिरवलेला मंडप, आता, या क्षणी, रिकामा असताना पाड. आणि मंडप अर्ध्यामुर्ध्या चंदेरी रंगात झळकत, ताठ, सुंदर उभा. असा मंडप खरंच तालुक्यात नव्हता. मला शंका येऊ लागली की माझंच चुकलं असेल.

भटजींनी माझ्याकडे न बघता शेवटचं "सावधान" उचललं. माझ्याकडे आता नातेवाईक उरले नव्हते.

खाचराच्या बांधावरून एक वावटळ उठली. वैशाखात दुपारी उठतात तशीच. पाचोळा गोल फिरवत ती देवळाकडे गेली, मंडपात शिरली, आणि पत्रावळ्या पाखरांसारख्या वर उडाल्या. पत्र्यांनी एक श्वास घेतला. मग, टण्ण. टण्ण, टण्ण. मधली कैची जोडापाशी अशी सुटली की जणू तिला कुणी कधी जोडलंच नव्हतं. ती खाली आली, तिने शेजारणीला ओढलं, शेजारणीने तिच्या शेजारणीला. पत्रे घसरले. मोठा, लांबत जाणारा खडखडाट झाला आणि जिथे मंडप होता तिथे धुळीचा ढग राहिला. मामाची खुर्ची कुठे होती ते सांगता येईना.

सासऱ्यांच्या मुठीतल्या अक्षता बोटांच्या फटीतून गळून गेल्या. मग सगळी गर्दी धुळीकडे धावली. अंतरपाट धरणारे तो टाकून धावले. भटजी धोतर सावरत धावले. माझ्या खांद्यावर मात्र एक हात पडला, मागून, आणि इतका घट्ट रुतला की ते वळ दुसऱ्या दिवशीही होते. हात मामाचा होता. त्याच्या तोंडून शब्द न निघाल्याचं माझ्या आठवणीतलं ते एकमेव उदाहरण.

आणि समोर, खाली पडलेल्या अंतरपाटापलीकडे, उन्हाने लालबुंद झालेली, घामाने कुंकू नाकापर्यंत ओघळलेली, हार धरून तशीच उभी असलेली नवरी, पळणाऱ्या सगळ्या तालुक्याच्या पाठीवर ओरडली, "पडला ना तो एकदाचा? मंग आता तरी पुरं करा ओ, माजे हात दुखायला लागले!"